४ इंची ग्राइंडरला कोणती डिस्क घ्यावी? लोखंड आणि स्टेनलेस दोन्हीला एकच चालते का?

नाही चालत. कापते, त्यात वाद नाही, पण माझं आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचं याच एका गोष्टीवरून अजून वाजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरजवळ शिरोलीत आमचं दोघांचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, शेड हे रोजचं, स्टेनलेस कधीतरी. रत्नागिरीच्या एका पार्टीची बाल्कनीची रेलिंग आली, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा पाईप, मॅट फिनिश. मी म्हटलं एसएसला (म्हणजे स्टेनलेसला) वेगळ्या चकत्या आणू, इनॉक्स लिहिलेल्या. दादा म्हणाला, "चकती ती चकती, लोखंड कापते ती स्टीलला लाजते काय?" आणि वर शेजारच्या टेबलावर एमएस (म्हणजे साध्या लोखंडाच्या) अँगलचं काम चालू, सगळ्या ठिणग्या थेट रेलिंगवर. बोललो तर म्हणे तू लई पुस्तकी. रेलिंग दिसायला चकाचक, जाऊन बसवली. पहिल्याच पावसात पार्टीचा फोन, गंजली, ३०४ चे पैसे घेऊन २०२ हा स्वस्तातला ग्रेड लावलंत. दादा लगेच पाईपवाल्या दुकानदाराशी भांडून आला.

मी रत्नागिरीला गेलो. चुंबकाने काही कळत नाही, तो ३०४ लाही चिकटत नाही न् २०२ लाही. म्हणून भंगारवाल्यांकडे असतं ते टेस्टिंगचं लिक्विड आणि ९ व्होल्टची बॅटरी नेली होती. २०२ असेल तर त्यातल्या मँगनीजमुळे थेंब लाल होतो. नाही झाला. डाग कुठे, तर जिथे वेल्ड घासला होता तिथे, आणि पाईपच्या एका अंगाला मिरपूड उडवल्यासारखे तपकिरी ठिपके. जॉइंटचं एक वेळ म्हणता येईल की वेल्डिंगच्या तापाने झालं, पण ठिपके होते ते बरोबर अँगलच्या टेबलाकडे तोंड असलेल्या बाजूलाच, मागची बाजू कोरी. लोखंडावर फिरलेल्या चकतीत लोखंडाचे कण बसतात, ते आणि ठिणग्या स्टेनलेसमध्ये रुततात, पाणी लागलं की गंजतात, आणि त्यांच्याखाली क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर नीट धरत नाही. पिकलिंग पेस्टने डाग गेले. (ती नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची असते, हातमोजे-चष्मा नसेल तर डबा उघडूच नका.) दादाचं अजून तेच, पाईप डुप्लिकेट होता.

तर तुमचं. एमएसला साधी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, एसएसला इनॉक्स, म्हणजे जिच्यात लोखंड, गंधक, क्लोरीन जवळजवळ नसतं, आणि ती एकदा लोखंडाला लावली की एसएसच्या डब्यात परत ठेवायची नाही. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची) आणि वायर ब्रशलाही हाच नियम, ब्रश तर स्टेनलेसचाच हवा. पातळ पाईप कापायला १ मिमी जाडीची. हात नवीन असेल तर १.६ घ्या, एक मिमीची जरा तिरकी झाली की तुकडे होतात. घासायला ६ मिमीची डीसी व्हील (मध्ये खोलगट असलेली जाड चकती) किंवा ६० नंबरची फ्लॅप. कटिंगच्या चकतीने आडवं घासणारा माणूस दिसला तर त्याच्या समोर उभे राहू नका.

लवकर संपते म्हणून चकती वाईट असं नाही. कडक चकती स्टेनलेसवर गुळगुळीत होते, कापत नाही, नुसता पाईप निळा करते. बाकी दाबणं कमी करा, मशीनला तिच्या वेगाने कापू द्या.

कंपनीवर मी वाद घालत नाही, फक्त नाव-आरपीएम काही न छापलेली सुटी चकती नको, आणि मधल्या पत्र्याच्या रिंगवर तारीख असते ती बघा, साधारण ३ वर्षं धरतात. ओल लागलेली फेकून द्या.

हो, एक राहिलं. ४ इंची मशीनला गार्ड काढून ५ इंची चकती लावायचा प्रकार करू नका. त्या चकतीवर जास्तीत जास्त १२,२०० आरपीएम लिहिलेलं असतं आणि मशीन ११,००० ने फिरते, मग काय बिघडलं म्हणतात. बिघडतं हे की चकतीचं भोक २२ मिमीचं, मशीनचं माप १६ चं, त्यामुळे ती मध्यावर बसत नाही, आणि फुटली तर मध्ये गार्ड नाही.

आणि खरं सांगायचं तर समुद्राजवळ ३०४ सुद्धा पुढेमागे डागाळतोच, रत्नागिरीला खाऱ्या हवेत जास्त टिकणारा ३१६ ग्रेडच द्यायला हवा होता. दादाने हे वाचलं तर लगेच म्हणेल, बघ, पाईपच चुकीचा. पण खाऱ्या हवेचे डाग टेबल बघून एकाच बाजूला येत नाहीत.