‘आले’ दिसलं की लगेच झाडं लावू नका

फ्रेंच बागांबद्दल अनुवाद करताय, तर allée हा फ्रेंच शब्द पदोपदी भेटणार. उच्चार साधारण ‘आले’, आणि तो आलाय ‘जाणे’ या क्रियापदावरून (मराठी कानाला गंमतच!). शब्द स्त्रीलिंगी.

इंग्रजी उद्यानलेखनात त्याचा अर्थ ठरलेला: दुतर्फा झाडांची सरळ वाट. खुद्द फ्रेंचमध्ये मात्र झाडं असलीच पाहिजेत असं नाही. बागेतली खडीची वाट, घरापर्यंतचा गाडीरस्ता, सुपरमार्केटमधल्या फळ्यांमधली वाट, सगळं ‘आले’च. म्हणून आधी वाक्य पुरतं वाचा. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेचं वर्णन असेल, तर ‘वृक्षवीथी’ खुशाल लिहा. बागांचा रचनाकार आंद्रे ल नोत्र यानं तिथं झाडांच्या रांगा अशा आखल्या, की नजर थेट दूरवर खेचली जाते. कातरलेल्या झाडांच्या हिरव्या भिंती, मधे रुंद वाट, टोकाला कारंजं किंवा पुतळा. ‘पायवाट’ लिहिलंत तर हा सगळा थाट गेला.

‘आव्हन्यू’ म्हणजे मुळात वाड्याकडे येणारा रस्ता. तो वेगळा ठेवा.

आणि ‘आले कुव्हर्त’पासून जपा. शब्दशः ‘झाकलेली वाट’, पण पुरातत्त्वाच्या लेखात ती अश्मयुगीन दगडी कबर असते. तिथं वेलींचा मांडव घातलात, तर संपादक फोन करणार.