जुना बाथटब घेताय? आधी वजन बघा

मुळशीकडच्या तुमच्या लाकडी खोलीसाठी जुना बाथटब कसा निवडावा, असं विचारलंत, छानच. पण रंग आणि आकार नंतर, आधी वजन. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, टब रिकामाच शंभर-सव्वाशे किलोचा असतो. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे आणखी दीडशे किलो, वर माणूस. लाकडी जमिनीवर हा भार टाकू नका, खाली कोबा असेल तरच बिडाचा घ्या. नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा बरा, दोघांत सहज उचलला जातो.

पुण्यात जुने बंगले पाडले जातात तिथे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारा.

जाताना चुंबक आणि टॉर्च न्या. चुंबक चिकटलं तर बीड किंवा पत्रा. मग बोटाच्या पेराने ठोका: पत्रा डब्यासारखा वाजतो, बीड जड, दबक्या आवाजात. पाणी जायच्या भोकाभोवती टॉर्च मारून नखाने खरवडा. मी घेतलेल्या पहिल्या टबाला तिथे नाण्याएवढा पांढरा रंग फासलेला होता. घरी आणल्यावर तो पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली गंजून चाळण झालेली. अशा टबाला फुकटसुद्धा हात लावू नका. काठावरचा टवका मात्र चालतो, तो भरता येतो. अ‍ॅक्रिलिकच्या तळावर उभं राहून बघा, करकरला तर सोडा.

आणि पंधरा लिटरच्या गीझरने टब भरत नाही हो! सोलर नसेल तर तांब्याचा मोठा बंब शोधा.