पॅसिफिक क्रेस्टसाठी ठेव मोडावी का?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ४३, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी टर्निंगचा (संगणकी लेथवर दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याचा) जॉबवर्कचा कारखाना, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, घरी आई. जांबोटी-कणकुंबीच्या रानात वर्षानुवर्षं चालून पाय तयार झालेत आणि आता अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट मनात बसली आहे. त्यासाठी सौहार्द सोसायटीतली ११ लाखांची ठेव मोडायची, उरलेल्या तीन लाखांसाठी पत्नीचे दागिने तारण ठेवायचे आणि कारखाना पाच महिने फोरमनवर सोपवायचा, असा बेत तुम्ही मांडलाय. करू का, असं विचारलंय.

पुढच्या वर्षी नको. आणि या पैशानं तर कधीच नको. पण चालण्याची इच्छा गुंडाळून ठेवा असं मी म्हणणार नाही. तुमच्या यादीतली दुसरी वाट, स्पेनमधली कामिनो ही यात्रेकरूंची पायवाट, तुमच्या आजच्या परिस्थितीत नीट बसते, त्याबद्दल पुढं सांगतो.

आधी पॅसिफिक क्रेस्टचा हिशेब. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर, कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन अशी तीन राज्यं. दक्षिणेकडून चालणारे बहुतेक जण एप्रिल-मेच्या सुमारास निघतात, कारण लवकर निघालं तर सिएरा नेवाडात बर्फ आडवा येतो आणि उशीर झाला तर शेवटी वॉशिंग्टनमध्ये नवा बर्फ पडायला लागतो. म्हणजे महिने तुम्ही ठरवायचे नाहीत, ते डोंगरानं ठरवलेत. लांब पल्ल्याचं परमिट फुकट असतं, मात्र मेक्सिको सीमेजवळून दिवसाला ५० जणांनाच निघता येतं. खर्च मी महिन्याला दोन हजार डॉलर धरतो: खाणं, अधूनमधून गावात मुक्काम, झिजलेले बूट बदलणं. डॉलर ९० रुपये धरला तर पाच महिन्यांचे ९ लाख. विमान सव्वा लाख, तंबू-स्लीपिंग बॅग-सॅक वगैरे दीड लाख, व्हिसा, विमा आणि किरकोळ मिळून आणखी लाखभर. पावणेतेरा लाख झाले. तुम्ही १४ लाख काढायचं म्हणताय, म्हणजे आकडा तुम्ही बरोबरच काढलाय.

त्यात एक मोठी रक्कम मात्र तुम्ही धरलेली नाही, ती म्हणजे तुम्ही नसतानाचा कारखाना. पगार, हेस्कॉमचं विजेचं बिल, टूलिंग वजा जाऊन महिन्याला ९०,००० सुटतात आणि त्यातून मशीनचा २२,००० चा हप्ता जातो, असं तुम्ही लिहिलंय. फोरमन प्रामाणिक आहे, मान्य. पण रेट कोण ठरवणार? फाउंड्रीकडून कास्टिंग उशिरा आलं तर पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला, फोन कोण करणार? उधारी कोण मागणार? जॉबवर्कच्या धंद्यात पार्टी मालकाच्या शब्दावर टिकते. मी असं धरतो की तुमच्या मागं निम्मं काम चालेल. मग ४५,००० सुटतील, हप्ता जाऊन २३,००० राहतील, पत्नीचे २८,००० मिळवले की ५१,०००. घरखर्च ७२,०००. दर महिन्याला २१,००० कमी, शिवाय म्युच्युअल फंडाची ८,००० ची एसआयपी आहेच. हे कुठून भरणार? ठेव तर वाटेत संपलेली. आणि काम पूर्णच थांबलं तर हप्ता भरून घरासाठी ६,००० उरतात.

एवढ्यावर थांबत नाही. पाच महिन्यांत एखादी पार्टी दुसऱ्या शेडकडे वळली, तर तुम्ही परत आल्यावर ती लगेच परत येत नाही. हे नुकसान कागदावर मांडता येत नाही म्हणून लोक ते शून्य धरतात. माझ्याकडं येणाऱ्या धंदेवाल्यांना मी एकच सांगतो: लांबची वाट निवडताना तिकिटाचा दर नंतर बघा, तुमच्यावाचून धंदा किती दिवस तग धरतो ते आधी बघा. तुमच्या यादीतली न्यूझीलंडची ‘ते अराओआ’ ही वाटसुद्धा इथंच अडते. केप रिंगापासून ब्लफपर्यंत ३,००० किलोमीटर, म्हणजे पुन्हा चार-पाच महिने. वाट सुंदर आहे, पण प्रश्न तोच राहतो.

दागिन्यांबद्दल स्पष्ट बोलतो. मिळकत निम्म्यावर येणार त्याच महिन्यांत सोनेतारण कर्जाचं व्याज सुरू करणं चूक आहे. अडीअडचणीला, आईच्या दवाखान्याला सोनं हाताशी असावं. आणि ते पत्नीचं आहे. ती हो म्हणाली असेल, तरी मी नाही म्हणेन.

आता ठेव. तुम्ही चालायला गेला नाहीत तरी हे करायलाच हवं. साडेदहा टक्के व्याज मिळतं म्हणून सगळे ११ लाख एकाच सौहार्द पतसंस्थेत ठेवलेत. आपल्या भागात, बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत, असं करणारी घरं खूप आहेत. संचालक ओळखीचे असतात, शाखा घराजवळ असते, पावती हातात मिळते. पण बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेवविमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं, पतसंस्थेला नसतं. तुमची संस्था चांगली चालली असेलही, मी तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. पण कुटुंबाची सगळी पुंजी विम्याबाहेर ठेवून माणसानं सातासमुद्रापार जाऊ नये. मुदतपूर्व मोडली तर व्याजात कपात होते, म्हणून मुदत संपेपर्यंत थांबा आणि पावती नूतनीकरणाला देऊ नका. त्यातले साडेपाच लाख म्हणजे घरखर्च आणि हप्ता मिळून जवळजवळ सहा महिन्यांची सोय. ते एका बँकेत तुमच्या आणि दुसऱ्या बँकेत पत्नीच्या नावानं ठेवा. उरलेले साडेपाच मुलीच्या पीयूसी (अकरावी-बारावी) आणि पुढच्या शिक्षणाचे. म्युच्युअल फंडातल्या चार लाखांना हात नाही. म्हणजे चालण्यासाठी आज तुमच्याकडं काहीच नाही. ते वेगळं जमवायचं.

तर मग कामिनो. फ्रान्समधल्या सां-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंत सुमारे ७८० किलोमीटर. पहिल्याच दिवशी पिरेनीज ओलांडून रोन्सेस्व्हायेसला उतरायचं, बाराशे मीटरहून जास्त चढ आहे. पुढं मग मेसेताचं पठार, शेतं, जुनी गावं. साधारण पाच आठवडे लागतात. शेकडो वर्षं यात्रेकरू या वाटेवर चालत आलेत, त्यामुळं वारीत गावोगावी सोय असते तशी तिथं यात्रेकरूंसाठी मुक्कामाची घरं आहेत, आल्बेर्गे म्हणतात. सार्वजनिक आल्बेर्गेत दहा-पंधरा युरोत पलंग मिळतो. तंबू, स्टोव्ह, आठवड्याचा शिधा काही उचलावं लागत नाही, आणि इथंच तुमचा मोठा खर्च वाचतो. शाकाहारी असाल तर गावागावांत थोडी कसरत होईल. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया जवळजवळ सगळीकडं मिळतं.

दिवसाला ४५ युरो, ३५ दिवस, युरो १०५ रुपये धरून एक लाख ६५ हजार. विमान ८५,०००, व्हिसा आणि विमा १७,०००, बूट-सॅक-रेनकोट ४०,०००, तिथली रेल्वे आणि एक-दोन दिवस हाताशी १५,०००. तीन लाख २० हजारांच्या आसपास. सहा आठवड्यांत कारखान्यातून साठ-पासष्ट हजार कमी येतील असं धरलं तरी सगळं मिळून चार लाखांच्या आत बसतं. हा भार तुमचं घर सोसू शकतं.

दोन वर्षं घ्या. खर्च आणि एसआयपी जाऊन १६,००० उरतात, त्यातून दरमहा साडेबारा हजारांची आवर्ती ठेव. साडेसहा टक्क्यांनी २४ महिन्यांत तीन लाख २० हजार होतात. तोवर मुलीची एसएसएलसी (दहावी) होऊन ती पीयूसीत गेलेली असेल. निघायचं अनंत चतुर्दशी झाली की. बेळगावचं विसर्जन बघा, आईच्या पाया पडा आणि निघा. तिथून दिवाळीपर्यंत सहा आठवडे मिळतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तिथं चालायला चांगला काळ. शेवटी गॅलिशियात पाऊस लागेल, पण कणकुंबीचा पाऊस खाल्लेल्या माणसाला त्याचं काय! खंडेनवमीला मशीनची पूजा तुमच्या हातून होणार नाही, ती पत्नीनं किंवा मुलीनं करावी. कामगारांच्या बोनसचे पैसे मात्र जाण्याआधी वेगळे काढून ठेवा.

त्याआधी एक परीक्षा घ्या, पायांची नाही, कारखान्याची. पुढच्या आषाढीला तीन आठवडे वारीला जा आणि फोन घरी ठेवा. जीएसटीचं रिटर्न वेळेत गेलं का, उधारी आली का, किती जॉब नापास होऊन परत आले, हे आल्यावर वहीत लिहून काढा. कमाई निम्म्याच्याही खाली गेली असेल, तर आधी ती घडी बसवा, कामिनो वर्षभर पुढं ढकला.

व्हिसा स्पेनचाच मागा, कारण जास्त दिवस तिथं जातात. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, आवर्ती ठेवीचा नियमित हप्ता दिसणं जास्त चांगलं. टूर कंपनीचं पॅकेज घेऊ नका, त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो आणि तो विवरणपत्र भरेपर्यंत अडकून राहतो. या वाटेला पॅकेजची गरजही नाही. कार्ड घेताना परकीय चलनावर किती टक्के आकारतात ते विचारा, काही कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं.

आल्प्समधल्या मों ब्लां शिखराची परिक्रमा छोटी म्हणून स्वस्त पडेल, असं तुम्ही लिहिलंय. ती १७० किलोमीटरची आहे, दहा-अकरा दिवसांत होते, पण डोंगरातल्या निवाऱ्यांचा दर कामिनोच्या कितीतरी पट आहे. दहा दिवसांसाठी तेवढंच विमानभाडं भरायचं हे मला पटत नाही.

पॅसिफिक क्रेस्ट मात्र खोडू नका. मशीनचं कर्ज चार वर्षांत फिटतंय. तेव्हा दरमहा २२,००० मोकळे होतील, ते त्याच तारखेपासून वेगळ्या खात्यात वळवायचे. पाच वर्षांत १३ लाखांच्या वर जमतात, व्याज वेगळं. तुम्ही तेव्हा ५२ चे असाल. त्या वाटेवर साठीतली माणसंही चालतात.

तूर्त एवढं करा: ठेवीच्या पावतीवरची मुदत संपण्याची तारीख आणि आईच्या आरोग्य विम्याची रक्कम कळवा. तुमच्या पत्रात तुमचा आणि पत्नीचा विमा आहे, आईचा उल्लेख कुठंच नाही. तो नसेल, तर आवर्ती ठेवीआधी त्याची सोय लावावी लागेल.