लुसाकाला येताय? मग न्शिमा खायला शिका

लुसाकात नोकरी लागलीय, तुम्ही दोघंही शाकाहारी आहात, आणि ऑफिसातल्या कुणी घरी जेवायला बोलावलं तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. नक्की जा. झांबियात माणसं जोडली जातात ती जेवताना, आणि जेवण म्हणजे न्शिमा. दुपारी दोन सँडविच खाल्ली तरी इथला माणूस ‘आज जेवलोच नाही’ म्हणतो.

न्शिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा. आधी पातळ पेज रटरटू देतात, मग मूठमूठ पीठ घालत लाकडी चपट्या डावाने घोटत राहतात. मनगटाचा कस लागतो त्यात, आणि पेजेचे शिंतोडे चांगलेच भाजतात. मीठ नाही, तेल नाही. त्यामुळे न्शिमा तुम्हाला कुणाच्याही घरी चालेल. बघायचं ते सोबतच्या ‘न्दिवो’कडे, म्हणजे तोंडीलावण्याकडे. चिब्वाब्वा म्हणजे भोपळ्याचा पाला, कलेम्बुला म्हणजे रताळ्याचा. हेच पाले शेंगदाण्याचं कूट घालून शिजवले की इफिसाशी होते. ती पहिल्याच घासाला आवडेल, खात्रीने सांगतो. पण ताटात कापेंटा, म्हणजे वाळवलेली बारीक मासळीही येते, क्वचित वाळवलेल्या अळ्याही. तेव्हा मांस-मासे खात नाही हे आमंत्रण मिळेल तेव्हाच सांगा. वाढून झाल्यावर सांगितलंत तर घरची बाई खरोखर हिरमुसते.

जेवणाआधी तांब्या-घंगाळ घेऊन कुणीतरी येईल आणि तुमच्या हातांवर पाणी घालेल. पाहुणे आणि वडीलधारी आधी. गरम न्शिमाचे गोळे ओल्या डावाने वाढतात. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. आपण हाताने जेवणारी माणसं, इथे सगळ्यांत लवकर रुळतो ती याच गोष्टीत. काटा-चमचा मागू नका.

घरी करायची तर दुकानात ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘रोलर’ अशी दोन पिठं मिळतात. पहिलं पांढरंशुभ्र, कोंडा काढलेलं. दुसरं भरडसर, स्वस्त आणि जास्त पौष्टिक. मी तेच घेतो. २५ किलोची पोती असतात, तुम्ही लहान पिशवी आणा.

एक मात्र ध्यानात ठेवा. २०२४ मध्ये दुष्काळामुळे मका करपला आणि सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. करिबा धरणाचं पाणी खाली गेलं आणि वीज तासन्‌तास जाऊ लागली. इथली वीज बहुतांशी पाण्यावरच चालते. म्हणून घर बघताना नुसत्या विजेच्या शेगडीवर भिस्त ठेवू नका, गॅसची सोय करा. शेजारी म्बाउला, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवतात. ती बंद खोलीत कधीही ठेवू नका. आणि कुणाकडे जेवायला गेलात तर हवी तेवढीच न्शिमा घ्या, ताटात टाकू नका.