रोजच्यासाठी लिंबू-आल्याचा चहा घरी कसा करावा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: यात चहापावडर घालायची की नाही, लिंबू पाण्याबरोबर उकळायचं का, आणि रोज उपाशीपोटी घेतला तर चालतो का. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय.

आमच्या सकाळच्या लोकलच्या ग्रुपमध्ये एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, अख्खं लिंबू आणि अंगठ्याएवढं आलं, उठल्या उठल्या, महिन्यात पोट आत. मी तीन आठवडे इमानेइतबारे केलं. पोट होतं तिथेच राहिलं, पण कुर्ला येईपर्यंत छातीत जळजळ सुरू व्हायची. मग एके दिवशी थंड कोकम सरबताचा घोट घेतला आणि खालच्या दातांतून अशी सणक गेली की ग्लास खाली ठेवला. डेंटिस्टने पहिला प्रश्न विचारला, "सकाळी काय पिता?" मी ते लिंबूपाणी पिऊन लगेच दात घासत होतो. लिंबाच्या आम्लाने दाताचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ पडतं, आणि त्यावर मी ब्रश फिरवत होतो. आता आधी दात घासतो, काहीतरी खातो, मग चहा. चहानंतर साध्या पाण्याने चूळ भरतो. तेव्हापासून जळजळ नाही, सणक नाही.

आता कृती. दोन कप चहाला अडीच कप पाणी, स्टीलच्याच पातेल्यात. ॲल्युमिनियमचं, ज्याला आमची आजी जर्मनचं म्हणायची, ते आंबटाला नको. पितळेचं असेल तर कल्हई शाबूत हवी. आलं बोटाच्या एका पेराएवढं. सोलायची गरज नाही, पण खाचांतली माती नीट धुवा. बाजारात दोन तऱ्हेचं आलं दिसतं: पातळ सालीचं, रसाळ, नवं, आणि जाड सालीचं, दोरे निघणारं, जुनं. चहाला जुनंच घ्या, तिखटपणा त्यात जास्त. भाजीवालीला "चहाला हवंय" म्हटलं की ती स्वतःच निवडून देते.

मी आलं खलबत्त्यात ठेचतो. किसलं तर चहा गढूळ होतो आणि कपाच्या तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातला स्टार्च, अपायकारक नाही, पण शेवटचा घोट पिठूळ लागतो. ठेचलेलं आलं गार पाण्यात टाकून गॅस लावायचा, उकळी आली की बारीक करून झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. गवती चहाची जुडी आणली असेल तर दोन पाती गाठ मारून त्यातच. पावसाळ्यात ओल्या चपला दाराशी काढून घरात शिरावं आणि हा वास यावा, यापलीकडे मला औषध माहीत नाही.

चहापावडर तुमच्या मर्जीवर. मला नुसता काढा घशाखाली उतरत नाही, म्हणून गॅस बंद करून दोन कपांना अर्धा चमचा पावडर टाकतो आणि दोन मिनिटं झाकतो. दुधाच्या चहासारखी ती खळाखळा उकळू नका. दूध नसल्याने तुरटपणा झाकायला काही नसतं, वरून लिंबू पडलं की जीभ आखडते.

गाळून कपात ओता, मिनिटभर थांबा, मग लिंबू. कपाला पाव लिंबू पुष्कळ झालं. इथे जरा बघत राहा: तांबूस-काळपट चहा लिंबाचे पाच-सहा थेंब पडताच फिकट होत मधासारखा पिवळा दिसायला लागतो. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात, एवढंच. माझी मुलगी लहान असताना याला जादू म्हणायची आणि पिळायचं काम स्वतःकडे घ्यायची.

लिंबू उकळू नका, पण त्याचं कारण सगळे सांगतात ते नाही. "व्हिटॅमिन सी उडून जातं" म्हणतात. उष्णतेने ते काही प्रमाणात नष्ट होतं हे खरं, पण जायला आहेच किती? १०० ग्रॅम लिंबाच्या रसात साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम. आपल्या कागदी लिंबाच्या अर्ध्या फोडीतून निघतो दोन-तीन छोटे चमचे रस, म्हणजे जेमतेम पाच मिलिग्रॅम. मोठ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ८० लागतात. त्यासाठी पेरू खा, १०० ग्रॅममध्ये २०० च्या पुढे मिळतं. लिंबू उकळायचं नाही ते वासासाठी आणि चवीसाठी. सुगंध वाफेबरोबर जातो आणि साल पातेल्यात पडली तर चहा कडू होतो. उरलेलं लिंबू पोह्यांवर किंवा उसळीवर पिळा. तिथे ते जास्त कामाचं, त्यातल्या लोहाचं शोषण वाढवतं. चहा मात्र नेमका उलटं करतो, म्हणून जेवणाला लागून घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा.

गोड हवंच असेल तर किंचित गूळ, किंवा चहा कोमट झाल्यावर मध. डायबेटिस असेल तर मधालाही साखरच समजा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटवायलाही नाही.

रोज घ्यायला हरकत नाही, दिवसाला एक-दोन कप. मळमळीवर आलं खरंच उपयोगी पडतं, सर्दीत गरम वाफेने बरं वाटतं. डिटॉक्स वगैरे विसरा, ते काम लिव्हर आणि किडनी फुकट करतात. माझा खरा फायदा एवढाच झाला की ऑफिसातल्या चार गोड कटिंगपैकी दोन सुटल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा दिवस गेलेले असतील तर रोज सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

घरात हा चहा मी एकटाच पितो. बायकोला दुधाचाच लागतो, तोही आल्याचा. तिच्यासाठी आलं आधी पाण्यात चांगलं उकळून मग दूध घालतो, कारण कच्च्या आल्यातलं एन्झाइम दूध फाडतं. हे कळायच्या आधी मी दोन वेळा बिचाऱ्या दूधवाल्याशी भांडून आलोय.