वाचकांचे प्रश्न : टेंडर न काढता जिम नवं करता येतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या रिक्रिएशन सेंटरला असिस्टंट डायरेक्टर आहे. बिल्डिंग जुनी झालीये, कोर्टचं लाकडी फ्लोअर जागोजागी वाजतं, ट्रेडमिल निम्म्या बंद, आणि मुलं दर सेमिस्टरला रेक फी, म्हणजे या सेंटरची फी, भरतात त्यामुळे त्यांची तक्रार रास्तच आहे. बजेट मंजूर झालंय पण काम मे ते ऑगस्टच्या मधेच उरकायला हवं. एक सेल्समन म्हणतो, कोऑपरेटिव्ह कॉन्ट्रॅक्टवर घ्या, टेंडरची गरजच नाही, थेट पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, द्या. हे नियमात बसतं का? फारच सोपं वाटतंय म्हणून भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती योग्य आहे पण सेल्समन खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. टेंडर झालेलंच असतं, फक्त ते तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलेलं असतं. उदाहरणार्थ सोर्सवेल, ही मिनेसोटामधल्या स्टेपल्स गावातली सरकारी संस्था आहे, २०१८ पर्यंत तिचं नाव एनजेपीए होतं. किंवा ई अँड आय, ही खास शिक्षणसंस्थांची, सभासदांच्या मालकीची, १९३४ पासून चालू आहे. अशा कोऑपरेटिव्ह खरेदीच्या संस्था देशभरातल्या गिऱ्हाइकांच्या वतीने आरएफपी, म्हणजे कंपन्यांकडून ऑफर मागवणारं टेंडर, काढतात, कंपन्यांच्या ऑफर तपासतात, काही वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करतात आणि मग सभासद त्याच कॉन्ट्रॅक्टवर खरेदी करतात. सभासद व्हायला या दोन्हींकडे पैसे लागत नाहीत, संस्थेची फी कंपनी आपल्या विक्रीतून देते. म्हणजे ती कुठेतरी किमतीत आलेलीच असते, हे डोक्यात ठेवा.

आता नियमाचं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि युनिव्हर्सिटीचं स्वतःचं धोरण वेगळं, त्यामुळे पहिला फोन सेल्समनला नाही, तुमच्या प्रोक्युअरमेंट ऑफिसला, म्हणजे खरेदी विभागाला, करा. मी बरीच वर्षं अशाच ऑफिसात काम केलंय आणि खरं सांगते, आम्हाला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो सगळं ठरवून झाल्यावर फक्त सहीसाठी आणलेल्या कागदाचा. कॉन्ट्रॅक्ट नंबर, मूळ आरएफपी, आलेल्या ऑफर कशा तपासल्या त्याची नोंद, किमतीचा तक्ता आणि कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ती तारीख, एवढं फाइलला लागतंच, ऑडिटमध्ये हेच विचारतात. आणि प्रोजेक्टमध्ये फेडरल ग्रँटचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाचा, पैसा असेल तर ते आधीच सांगा, त्याचे खरेदीचे नियम वेगळे लागतात.

खरं पाणी मुरतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे किंमत. कॉन्ट्रॅक्टवर लिहिलेला भाव किंवा लिस्ट प्राइसवरची सूट ही साधारणपणे वरची मर्यादा असते, त्याच्या खाली जायला कंपनीला कुणी अडवलेलं नसतं. चाळीस मशीन एकदम घेत असाल तर विचारा. त्याच संस्थेकडे फिटनेस इक्विपमेंटच्या तीन-चार कंपन्या कॉन्ट्रॅक्टवर असतात, किमान दोघांकडून कोटेशन घ्या, धोरणात सक्ती नसली तरी घ्या. आणि कोटेशनवर कॉन्ट्रॅक्ट नंबर आणि प्रत्येक ओळीला लिस्ट प्राइस, सूट, शेवटची किंमत असं वेगळं मागा, एकच गोल आकडा दिला तर सूट मिळाली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्टमध्ये काय बसतं. मशीन बसतात, पण डिलिव्हरी, जोडणी, जुनं उचलणं, इलेक्ट्रिकचं काम? इथेच घोडं अडतं. कमर्शियल ट्रेडमिलला बहुतेक वेळा प्रत्येकीला स्वतंत्र २० अँपिअरचं सर्किट लागतं, जुन्या बिल्डिंगमध्ये पॅनलला तेवढी जागाच नसते, आणि वायरिंग किंवा भिंत पाडणं म्हणजे बांधकाम झालं, त्याला बऱ्याच राज्यांत वेगळे नियम आहेत, वस्तूंच्या कॉन्ट्रॅक्टवर ते सरळ चढवता येईलच असं नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी कॅम्पसच्या फॅसिलिटीजच्या, म्हणजे देखभाल विभागाच्या, इलेक्ट्रिशियनला मजल्यावर नेऊन उभं करा. त्याच फेरीत मशीनमधली मोकळी जागाही मोजा, एडीए या अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रकारच्या किमान एका मशीनपाशी ३० बाय ४८ इंच मोकळी जागा लागते आणि तिथपर्यंत व्हीलचेअरने जाता आलं पाहिजे. हे आधी मोजलं की चाळीसच्या जागी छत्तीसच मशीन बसतात असं कळतं, आणि ते ऑर्डर द्यायच्या आधी कळलेलं बरं.

फ्लोअरबद्दल मात्र सविस्तर लिहिते कारण तिथे घाई झाली की पुढची कितीतरी वर्षं भोगावी लागते. वाजतंय म्हणजे लगेच नवीन टाका असं नाही. मेपलचं फ्लोअर साधारण पाऊण इंचापेक्षा थोडं जाड असतं, ते आयुष्यात बऱ्याच वेळा घासून पुन्हा रेषा मारून फिनिश करता येतं, त्यामुळे आधी खालच्या थराचं काय झालंय ते बघायला सांगा आणि ते बघणारा फ्लोअर विकणाराच असू नये. नवीनच टाकायचं ठरलं तर लाकूड आणण्याआधी एसी चालू, काँक्रीट कोरडं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्क्यांत हवी. आमच्याकडे एकदा तारखेच्या दबावाखाली एसीचं काम अर्धवट असताना लाकूड टाकून घेतलं, दमट उन्हाळा होता, लाकूड फुगलं, फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मुलांना अख्खं सेमिस्टर अर्ध्या कोर्टवर खेळावं लागलं. कॉन्ट्रॅक्ट उत्तम होतं, भावही चांगला होता, पण त्याचा काय उपयोग. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि रेषा! घासायचं ठरलंच तर कुठला खेळ कुठे हे आत्ताच मुलांना विचारा. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट आणि पिकलबॉलचं (टेनिससारखा छोट्या कोर्टवरचा खेळ) कोर्ट दोन्ही बरोबर २० बाय ४४ फुटांचं असतं, त्यामुळे बाहेरची चौकट एकच चालते, फक्त नेट पिकलबॉलला मधोमध ३४ इंच आणि बॅडमिंटनला ५ फूट. पोलची भोकं जमिनीत आत्ताच करून घेतली तर पुढे फ्लोअर फोडावं लागत नाही. भारतातून आलेली मुलं बॅडमिंटनसाठी रात्री कोर्टच्या रांगेत उभी असतात हे तुम्ही बघतच असाल, पण स्टुडंट कमिटीवर त्यातलं कुणी नसतं, तर त्यांना मुद्दाम बोलवा.

वेळेचं गणित असं धरा की आरएफपीचे जे काही महिने वाचतात ते सगळे याच मोजमापात आणि विचारपूस करण्यात घालवायचे आहेत. तुमच्यासारखीच प्रत्येक युनिव्हर्सिटी उन्हाळ्यातच काम काढते, फ्लोअरवाल्या टीम तेव्हा मिळत नाहीत, म्हणून हिवाळ्याची सुट्टी संपायच्या आत पीओ गेला पाहिजे आणि कामाच्या तारखा त्या पीओवर लिहिलेल्या पाहिजेत, ईमेलमध्ये नकोत.

प्रश्न : आमचं छोटं प्रायव्हेट कॉलेज आहे, आम्हाला हे चालेल का? टेंडरची सक्ती आम्हाला नाहीच.

उत्तर : चालतं. ई अँड आय शिक्षणसंस्थांसाठीच आहे आणि सोर्सवेलही नॉनप्रॉफिट शाळा-कॉलेजांना सभासद करते. सक्ती नसली तरी तुम्हाला उलट जास्त उपयोग, कारण एकट्याने दहा मशीन घेणाऱ्या कॉलेजला मोठ्या युनिव्हर्सिटीच्या तोडीचा भाव एरवी कोण देणार. फक्त सर्व्हिसचं विचारा. सगळ्यात जवळचा टेक्निशियन किती तासांवर आहे, पार्ट किती दिवसांत येतो, आणि वॉरंटीत मजुरी धरली आहे की फक्त पार्ट. लहान गावातल्या कॉलेजात मशीन महिनाभर बंद पडून राहतं ते यामुळेच.

प्रश्न : जुन्या ट्रेडमिल आमच्याच स्टाफला किंवा जवळच्या शाळेला देऊन टाकल्या तर?

उत्तर : स्टेट युनिव्हर्सिटी असेल तर परस्पर अजिबात देऊ नका. ती सरकारी मालमत्ता आहे, तिच्यावर टॅग असतो, आणि ती सरप्लस प्रॉपर्टी ऑफिसमार्फतच, म्हणजे नको असलेल्या सामानाचं बघणाऱ्या ऑफिसमार्फतच, बाहेर जाते. शाळेला द्यायची इच्छा चांगली आहे, त्या ऑफिसला तसं लेखी कळवा, काही राज्यांत शाळांना आधी संधी मिळते. नवीन मशीनच्या कंपनीला ट्रेड-इनमध्ये (जुनं देऊन नव्याच्या किमतीत वळतं करून) द्यायची असतील तर त्याचीही परवानगी आधी घ्या आणि तो आकडा कोटेशनवर स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, किमतीतल्या सवलतीत मिसळू देऊ नका.