पहिल्या डिस्टोपियन कादंबरीच्या निमित्ताने

तुमच्या डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीचे काल्पनिक जग रंगवणाऱ्या, कादंबरीची तीन प्रकरणे मी दोनदा वाचली. भाषा चांगली आहे. पण शहर निनावी, सत्ता निनावी आणि आकाश कायम राखाडी असल्यामुळे वाचकाला भीती वाटत नाही. तुम्ही इंदूरमध्ये वाढलात, तर इंदूरच घ्या. या शहराचे बहुतेक पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या, नर्मदाकाठच्या जलूदहून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून येते. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी येथवर पोहोचले, तोपर्यंत १९३९ चे यशवंत सागर आणि बिलावलीसारखे तलाव यांच्यावरच गावाची भिस्त होती. ते पंप कोणाच्या हुकमाने चालतील, एवढा एकच नियम बदला आणि त्याचे परिणाम रामबाग वस्तीतल्या एखाद्या स्वयंपाकघरापर्यंत धीराने नेत राहा.

राजवटीचा इतिहास आरंभी सांगू नका. मी माझ्या पहिल्या कादंबरीत त्यावर चाळीस पाने खर्च केली होती. संपादकांनी हस्तलिखित परत केले आणि ते योग्यच होते. आजी कळशी भरण्याआधी दार का लावून घेते, एवढे दाखवले की सत्ता कळते.

आपल्या घरांतली हिंदी मिसळलेली, माळव्याच्या वळणाची मराठी मात्र पुसू नका (तुम्ही ती संवादांतून काढून टाकलेली दिसते, याचे मला फार वाईट वाटले). सरकारी फर्माने निर्जीव, शुद्ध भाषेत असू द्या आणि माणसे घरच्या बोलीत कुजबुजू द्या. तिसरे प्रकरण आधी याच दृष्टीने पुन्हा लिहा. पहिल्या दोन्हींकडे नंतर वळता येईल.